नावाची दुरुस्ती

माझ्याकडे शिष्य आला तो नळाच्या निमित्तानं. इतरांकडे शिष्य कसे येतात मला ठाऊक नाही. माझ्याकडे आला तो हातात पाना घेऊन. स्वयंपाकघरातला नळ आठ दिवस गळत होता आणि तेवढ्यात बायकोनं त्याची माझ्या लेखनाशी तुलनाही करून टाकली होती. "दोन्हीकडून येतं ते थेंबथेंब, आणि बादली काही भरत नाही," ती म्हणाली. अशा घरात साहित्यसेवा करणं सोपं नसतं, एवढं नम्रपणे नमूद करतो.

तर नळवाले आले. पंचेचाळिशीचा गृहस्थ, कमी बोलणारा, बुटात मोजे नीट ओढून घातलेले. पंधरा मिनिटांत नळ गप्प केला आणि हात पुसताना त्यांची नजर कपाटाकडे गेली.

"साहेब, या पुस्तकावर तुमचा फोटो आहे."

माझी दोन पुस्तकं आहेत. पहिलं संपलं, म्हणजे पुरात गेलं. दुसरं दिवाणाखाली सुखरूप आहे. त्यावरचा फोटो मला केस होते तेव्हाचा. मी शक्य तेवढ्या उदास चेहऱ्यानं म्हणालो, "हो, लिहितो थोडंफार."

"नाव छापून येतं, ते कसं येतं?"

"त्यासाठी आधी लिहावं लागतं," मी हसून म्हणालो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

"लिहिलंय," ते म्हणाले, आणि अवजारांच्या पिशवीतून त्यांनी वही काढली. पुढून पाइपांची मापं होती, मागून गोष्ट.

गोष्टीचं नाव होतं 'घंटा'. त्यांचे वडील एका लहान गावात शाळेचे शिपाई होते. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची घंटा वाजवली. मुलगा त्याच शाळेत तिसऱ्यांदा नापास झाला, त्या दिवशी निकालानंतरची घंटा चार मिनिटं उशिरा वाजली. एकतीस वर्षांत तेवढी एकदाच. का, ते वडिलांनी कधी सांगितलं नाही आणि मुलानं कधी विचारलं नाही. बस, एवढीच गोष्ट. साडेसात पानं.

मी ती उभ्याउभ्या वाचली आणि मग बसलो.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"काम करावं लागेल," मी म्हणालो.

आता हे खोटं होतं, पण गुरूला पहिल्याच दिवशी 'काही करायचं शिल्लक नाही' असं म्हणता येत नाही. मी त्यांना दर मंगळवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाला यायला सांगितलं. ते पावणेदहाला येऊन जिन्यात थांबत आणि दहाला बेल वाजवत. घंटेवाल्याचाच मुलगा.

त्या दोन महिन्यांत मी त्यांना पुष्कळ शिकवलं. वातावरणनिर्मिती म्हणजे काय, उत्कंठा कशी वाढवावी, कारुण्य कुठे पेरावं. ते सगळं वहीत उतरवून घेत. एका मंगळवारी मी सुचवलं, "मुलगा शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे रडतोय तिथे एक चंद्र टाका. ढगाआडून डोकावणारा."

त्यांनी वहीतलं ते पान काढून त्यावर बोट ठेवलं. "सर, दुपार होती. चंद्र कसा येईल?"

"मग ऊन टाका."

"ऊन आहेच सर. टाकी तापली होती असं लिहिलंय."

आतून भांड्याचा आवाज आला. बायको हसताना भांडी आपटते.

खरी गोष्ट अशी की दोन महिन्यांत मी त्या साडेसात पानांत चार स्वल्पविराम घातले आणि त्यांतले दोन त्यांनी काढून टाकले. 'वडील घंटा वाजवत. तास दुसऱ्यांचे, हात त्यांचा.' असं वाक्य कोणी सहज लिहून जात असेल, तर चाळीस वर्षं लिहिणाऱ्या माणसानं कुठे बघायचं? मी छताकडे बघत असे. मत्सर वाटला का? वाटला. पण त्याबरोबर आणखी काहीतरी वाटायचं. मंगळवारी मी सकाळी दाढी करून तयार असायचो. निवृत्तीनंतर सहा वर्षांत मला कोणत्याच वाराची वाट पाहावी लागली नव्हती.

"तुम्हाला हे छापून कशाला हवंय?" एकदा मी विचारलं.

"वडील ब्याऐंशीचे आहेत," ते म्हणाले. "नेहमी म्हणतात, 'शाळेत एकतीस वर्षं काढली, पण घरात एक अक्षर आलं नाही.' रागानं नाही म्हणत. म्हणून जास्त लागतं. एकदा छापलेलं नाव दाखवायचंय सर. गोष्ट नाही छापली तरी चालेल, नाव यायला हवं."

असं होत नाही, नावासोबत गोष्टही छापावी लागते, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

मग मी ती गोष्ट स्वच्छ टंकून एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीकडे पाठवली. सोबत पत्र आणि माझ्या दुसऱ्या पुस्तकाची एक प्रत जोडली. मी विमा कचेरीत पत्रव्यवहार विभागात तीस वर्षं काढली आहेत. पत्र लिहिणं हा माझा प्रांत. हे पत्र अडीच पानांचं झालं. साहित्यातली माझी वाटचाल, माझी दोन पुस्तकं, नवोदितांना हात देणं हे ज्येष्ठांचं कर्तव्य कसं आहे, हे सगळं त्यात होतं. पत्र इतकं छान उतरलं होतं की मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यात गोष्ट कोणाची ते कळत नाही." मी म्हणालो, "तुला पत्रातलं काय कळतंय?" लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी हे वाक्य उच्चारणं कधीही शहाणपणाचं नसतं, हे मी विसरलो.

तीन आठवड्यांनी रविवारी गोष्ट छापून आली. अर्धं पान. वर मोठ्या अक्षरात 'घंटा'. त्याखाली ठळक टायपात माझं नाव. शेजारी केस असलेला माझा फोटो.

मी कपड्यांच्या दोरीला धरून उभा राहिलो. एवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर दारात होते. आयुष्यात त्यांनी कोणाला पासापुरत्यांपेक्षा जास्त मार्क दिले नसतील. त्यांचे डोळे ओले होते.

"तुमचं लेखन इतकी वर्षं वाचतोय," ते म्हणाले, "पण शेवटपर्यंत आज पहिल्यांदा वाचलं."

"अहो, हे माझं नाही. चुकून..."

"बघा! हा विनय पूर्वी नव्हता तुमच्यात. खरं लिहायला लागलं की येतो."

त्यानंतर दिवसभर हेच. समोरच्या वहिनींनी विचारलं, "भावजी, हे असं लिहिता येत होतं तर आधीचं ते सगळं कशाला?" तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या का म्हणून चौकशी केली. जितक्या जोरात मी नाही म्हणालो तितका माझा मोठेपणा वाढत गेला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर ते पान कापून सूचना फलकावर पाणीकपातीच्या नोटिशीशेजारी लावलं. बायको एकटी म्हणाली, "यात कुठेही 'जणू' नाही. पहिल्या ओळीलाच ओळखलं मी, हे तुमचं नाही."

नळवाल्यांना मी फोन केला. "वर्तमानपत्रवाल्यांनी घोळ घातलाय," मी म्हणालो. "दुरुस्ती छापायला लावतो. तुम्ही काळजी करू नका."

पलीकडून कुठल्या तरी पंपाचा आवाज येत होता. "असू दे सर," ते म्हणाले. "गोष्ट तर आली."

पुढच्या रविवारी सेक्रेटरींनी गच्चीवर माझा सत्कार ठेवला. मी दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा त्यांनी खुर्च्या मागवल्याचं सांगितलं. मागवलेल्या खुर्च्यांपुढे मध्यमवर्गीय माणूस हतबल असतो. मी ठरवलं, तिथेच जाहीर खुलासा करायचा. पण आधी हेडमास्तर बोलले, मग सेक्रेटरी स्वतःबद्दल बोलले, आणि मी उभा राहणार इतक्यात गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. पाणी खुर्च्यांखालून पसरायला लागलं. बायका पाय वर घेऊन बसल्या. सेक्रेटरींनी लगोलग फोन लावला, आणि नळवाले खाली दुसऱ्या इमारतीतच काम करत होते, ते दोन मिनिटांत वर आले.

मी हातात पुष्पगुच्छ धरून उभा होतो. त्यांनी टाकीचा फ्लोट बसवला, पाणी थांबलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या पाणी थांबल्याच्या होत्या की माझ्या, ते मला आजतागायत कळलेलं नाही. नळवाल्यांनीही पाना काखेत धरून टाळ्या वाजवल्या, आणि माझ्याकडे बघून हसले.

मी बोललो हो. "ही गोष्ट यांची आहे," असं स्पष्ट म्हणालो, बोट दाखवून. सेक्रेटरी गहिवरले. "ऐका, ऐका! सामान्य माणसाची गोष्ट आहे असं म्हणतायत. लेखकाची ही भावना!"

नळवाले खाली उतरून गेले होते.

सोमवारी मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. दारावरच्या रखवालदारानं वहीत 'भेटीचे कारण' लिहायला लावलं. मी लिहिलं, 'नावाची दुरुस्ती'. त्यानं मला खिडकी क्रमांक दोनला पाठवलं. तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "प्रतिज्ञापत्र, दोन फोटो आणि जुन्या नावाचा पुरावा."

"मला नाव बदलायचं नाही. माझं नाव काढायचं आहे."

"काढून काय ठेवायचं?"

"दुसऱ्याचं."

"म्हणजे बदलच झाला की." आणि त्यांनी जाहिरातीचा अर्ज पुढे सरकवला.

पुरवणीचे संपादक रजेवर होते. ते आले तेव्हा त्यांचे सहायक रजेवर गेले, आणि पत्रांची फाइल सहायकांच्या कपाटात होती. चौथ्या फेरीला असा नियम निघाला की तक्रार अन्याय झालेल्या व्यक्तीनंच करायची असते. मी म्हणालो, माझ्यावरही अन्यायच झालाय. संपादकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमचं नाव आलंय, फोटो आलाय, आणि अन्याय?" माणूस इथे आपण होऊन कमी व्हायला येऊ शकतो, याची त्या कचेरीत सोयच नव्हती.

सहाव्या फेरीला सहायक भेटल्या. तरुण, सभ्य मुलगी. तिनं कपाटातून माझं पत्र काढलं आणि म्हणाली, "काका, चूक झाली असेल तर आम्ही नक्की सुधारू. पण त्यांचं नाव यात कुठे आहे?"

"दुसऱ्या पानावर."

तिनं दुसरं पान वाचलं. मग पहिलं, मग उरलेलं अर्धं. आणि मग पत्र माझ्यासमोर ठेवलं.

मी चष्मा लावला. माझं नाव त्या पत्रात सात वेळा होतं. पुस्तकांची नावं होती. आणि तिथे, दुसऱ्या पानाच्या तळाशी, लिहिलं होतं: 'माझे एक होतकरू परिचित'. बस. एवढंच. मी त्यांचं नाव लिहिलंच नव्हतं. टंकलेल्या गोष्टीवरही नव्हतं. शेवटच्या पानाखाली होता तो माझाच पत्ता.

"होतं कधी कधी काका," मुलगी म्हणाली, आणि तिनं मला पाणी आणून दिलं. इतक्या फेऱ्यांत त्या कचेरीत मला कोणी पाणी विचारलं नव्हतं. नेमकं त्या दिवशी मिळालं.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, सांगितलं नव्हतं का. तिनं चहाचं आधण ठेवलं. त्यानं जास्त भीती वाटली. मग म्हणाली, "त्यांना सांगितलंत?"

"सांगेन."

पण मी सांगितलं नाही. मंगळवार आला, ते आले, पावणेदहाला जिन्यात, दहाला बेल. त्यांनी विचारलं, "काय म्हणतात वर्तमानपत्रवाले?" आणि मी म्हणालो, "त्यांचा कारभार तुम्हाला माहीत नाही. सगळा गोंधळ." ते म्हणाले, "तुम्हाला माझ्यामुळे किती हेलपाटे." आणि त्यांनी न सांगता न्हाणीघराचा नळही बघून दिला.

दुरुस्तीसाठी मी माझ्या हस्ताक्षरात लिहून दिलं की ही कथा मी लिहिलेली नाही. नळवाल्यांची मूळ वही पुरावा म्हणून नेली. ती तीन टेबलांवरून फिरली आणि परत आली तेव्हा तिच्यात कुणाचं तरी शब्दकोडं सोडवलेलं होतं. अखेर, गोष्ट छापून आल्यानंतर सातव्या रविवारी, कोड्याच्या उत्तरांखाली तीन ओळी आल्या. त्यात नळवाल्यांचं पूर्ण नाव होतं. वडिलांच्या नावासकट. त्या सहायक मुलीनं जातीनं लक्ष घातलं होतं.

मी अंघोळही न करता फोन लावला. "आलं! छापून आलं तुमचं नाव! अंक घेऊन लगेच गावी जा."

"सर," ते म्हणाले, "मी गावीच आहे. वडील बुधवारी गेले."

मी काहीतरी बोललो असेन. काय, ते आठवत नाही. एवढं आठवतं की बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि ती त्यांच्याशी बोलली, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

पंधरा दिवसांनी ते आले. मंगळवारच होता. वही आणली नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं.

गोष्ट छापून आली त्याच रविवारी ते अंक घेऊन वडिलांकडे गेले होते. त्यांनी ती वडिलांना वाचून दाखवली. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, परत वाच. परत वाचली. मग विचारलं, "कोणी लिहिलंय?"

"मी म्हणालो, मी. त्यांनी अंक हातात घेतला. त्यांना सावकाश वाचता यायचं. एकेका अक्षरावर अंगठा ठेवून त्यांनी तुमचं नाव वाचलं. मग फोटो बघितला. मला म्हणाले, 'बरं, असू दे.' लहान मुलाला म्हणतात तसं."

बायको दारात येऊन थांबली होती.

"मग दिवसभर विचार करत होते. 'या माणसाला आपली घंटा कशी माहीत? आपल्या शाळेत होता की काय?' शेवटी त्यांनी ठरवलं, गणिताच्या मास्तरांचा कोणीतरी भाचा असेल. येईल त्याला अंक दाखवायचे. 'माझ्यावर एका मोठ्या लेखकानं लिहिलंय.' शेवटपर्यंत उशाशी होता. खूश होते सर. मग मी पुन्हा काही बोललो नाही."

मी आता सांगायलाच हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्यांनीच पुढे विचारलं, "एक काम होतं. आईला तेवढं सांगाल का, ते मी लिहिलंय म्हणून? दुरुस्ती वाचून दाखवली, तर म्हणते, 'तीन ओळींचं काय, असं कोणीही छापून आणेल.' तुमचं ऐकेल ती."

बसनं दोन तासांचा रस्ता. खिडकीशी मी, शेजारी ते. दोन तास मी ते वाक्य तयार करत होतो. तीस वर्षं पत्रव्यवहार विभागात काढलेल्या माणसाला एक वाक्य जमत नव्हतं.

घर दोन खोल्यांचं. आई बुटकी, बारीक, पण आवाज खणखणीत. मला बघताच ती उठायला लागली.

"तुम्हीच ना ते? फोटोत बरेच तरुण दिसता. बसा, बसा. यांना फार बरं वाटलं हो तुमच्यामुळे. कोणी इतकं लिहील असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं." आणि तिनं मला हात जोडले.

चाळीस वर्षांत वाचकानं मला हात जोडले ते एवढे एकदा.

"आजी," मी म्हणालो, "ते मी लिहिलं नाही. यानं लिहिलं. एकेक अक्षर याचं आहे."

ती मुलाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "मग तुमचं नाव कसं?"

इथे वर्तमानपत्रवाल्यांवर ढकलायची सवय इतकी झाली होती की वाक्य ओठांवर आलंच होतं. "माझ्यामुळे," मी म्हणालो. "मी सोबत पत्र लिहिलं. त्यात स्वतःबद्दल अडीच पानं लिहिली आणि याचं नाव लिहायचं विसरलो. चूक छापणाऱ्यांची नव्हती. माझी होती. मी हे यालाही सांगितलं नव्हतं."

नळवाल्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता उठतील. किंवा काही बोलतील. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मग हातातल्या पेल्याकडे. मला दोन थोबाडीत मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं, असं म्हणायची पद्धत आहे. पण मला खरंच तसं वाटलं.

आई म्हणाली, "वाच."

"आई, तू ऐकलंयस."

"तेव्हा दुसऱ्याचं म्हणून ऐकलं होतं. आता वाच."

त्यांनी उशाशेजारचा अंक घेतला आणि वाचायला सुरुवात केली. टाकीपाशी आल्यावर आईनं मधेच थांबवलं, "टाकी झाडाखाली नव्हती, भिंतीकडे होती." ते म्हणाले, "हो, भिंतीकडे." पुढे पुन्हा थांबवलं, "त्या दिवशी यांनी डबा उघडला नव्हता. तसाच परत आणला होता. ते घातलं नाहीस." त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि समासात लिहून घेतलं. लिहिताना अंक गुडघ्यावर भिजत होता.

मी दोन महिने ज्या गोष्टीत चंद्र घालायला बघत होतो, तिला काय हवं होतं ते त्या बाईनं दोन वाक्यांत सांगितलं.

वाचून झालं. आईनं अंक मागितला. तिला वाचता येत नव्हतं. "या साहेबांचं नाव कुठे आहे?" तिनं मुलाला विचारलं. त्यांनी बोट ठेवलं. ती आत गेली आणि शिवणाची कात्री घेऊन आली.

कात्रीला धार नव्हती. कागद सुरकुतायला लागला. नळवाले जागचे हलले नाहीत. मग मीच पुढे सरकलो आणि दोन्ही हातांनी कागद ताणून धरला. तिनं नाव कापलं, मग फोटो. गोष्टीच्या एकाही अक्षराला तिनं धक्का लावला नाही.

कापलेला तुकडा तिनं पदरानं पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"हे तुमचं," ती म्हणाली. "राग म्हणून नाही हो. दुसऱ्याचं घरात ठेवू नये."

मी तो खिशात घातला. नळवाले मला बसपर्यंत सोडायला आले. बस दिसली तेव्हा ते म्हणाले, "मंगळवारी येईन. डब्याचं लिहून आणतो." मग म्हणाले, "या वेळी पाकीट मीच टाकेन, सर."